गाळणीबाईंची शब्दशः नोंद

पाणीपुरवठा मंडळाच्या कचेरीत तिने सव्वीस वर्षं बैठकांची इतिवृत्तं लिहिली. ती सगळी काढून वाचली तरी कुणी कुणाला शिवी दिल्याची एक नोंद सापडणार नाही. प्रत्यक्षात शिव्या भरपूर झाल्या. एकदा तर दोन अभियंते टेबलावर वाकून एकमेकांना, पाणी काय तुझ्या बापाचं आहे का, असं विचारत होते आणि मधल्या मध्ये चहाचे कप आडवे झाले होते. तिने लिहिलं, 'जलस्रोतांच्या मालकीविषयी सदस्यांनी आपापली मते सविस्तर मांडली.' दुसऱ्या दिवशी दोघांनी ते वाचलं, मुकाट्याने सह्या केल्या आणि आपण इतकं शहाण्यासारखं बोललो होतो याचं दोघांनाही मनातून बरं वाटलं. तेव्हापासून कचेरीत तिला गाळणीबाई म्हणायला लागले. नाव ठेवणाऱ्यांनी ते कौतुकाने ठेवलं होतं आणि तिनेही ते तसंच घेतलं.

बैठक नसेल तेव्हा तिच्या टेबलासमोरची खुर्ची रिकामी राहत नसे. शिपाई, टायपिस्ट, वसुली विभागातला चिडका कारकून, सगळे तिथे येऊन आपापलं रडगाणं गायचे आणि जाताना सल्ला घेऊन जायचे. सल्ला द्यायला तिला कधी दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला नाही. तिच्या सल्ल्याने दोन लग्नं जमली, एक मोडता मोडता वाचलं, आणि एक, हे ती स्वतःच कबूल करते, उगाचच वाचलं.

पन्नाशी उलटताच तिने स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि समुपदेशनाच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. नवरा भूमापन खात्यातून निवृत्त झालेला, मोजूनमापून बोलणारा. तो म्हणाला, "आजवर फुकट शहाणपण वाटत होतीस, आता पदवी घेऊन वाटशील." लेकीला मात्र आनंद झाला. तिने आईला पाठीवरची सॅक घेऊन दिली. वर्गातल्या मुलामुलींचं वय तेवीस-चोवीस. त्यांनी दोन दिवस तिला अदबीने ताई म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी तिचा डबा आपलाच मानायला सुरुवात केली.

पहिल्या वर्षी तिने लेखी परीक्षेत भल्याभल्यांना मागे टाकलं. पुस्तकात जे सांगितलं होतं ते सगळं तिला पटत होतं. समोरच्याचं ऐकावं, घाई करू नये, आपलं मत त्याच्या गळ्यात मारू नये. पटायला काय जातं! अडचण सरावाच्या तासाला आली. तिघातिघांचे गट करायचे, एकाने आपली खरीखुरी अडचण सांगायची, दुसऱ्याने ऐकायची, तिसऱ्याने नुसतं बघायचं. तिच्या समोर बसलेली मुलगी म्हणाली, घरी आईशी पटत नाही. चार मिनिटांत गाळणीबाईंनी आईशी कसं बोलावं, केव्हा बोलावं आणि वेगळी खोली कुठे बघावी हे सांगून टाकलं. शिकवणारे सर शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही तिचा प्रश्न सोडवलात. तिने तो अजून सांगितलाच नव्हता." वर्ग हसला. तीही हसली. घरी जाताना मात्र ते वाक्य तिला खुपत राहिलं.

दुसरं वर्ष म्हणजे प्रत्यक्ष काम. विभागाच्या स्टेशनरी कोठाराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं समुपदेशन केंद्र होतं. आत समोरासमोर नाही, जरा तिरक्या ठेवलेल्या दोन खुर्च्या, मध्ये बुटकं टेबल, त्यावर कागदी रुमालांचा खोका आणि आलेल्या माणसाची लेखी परवानगी घेऊन चालू केलेलं छोटं रेकॉर्डिंग यंत्र. भिंतीवरचं घड्याळ आलेल्या माणसाच्या डोक्यामागे लावलेलं, म्हणजे मनगटाकडे न बघता वेळ कळावी. दर आठवड्याला एका भेटीतल्या वीस मिनिटांची शब्दशः नोंद मार्गदर्शक मॅडमना द्यायची. डाव्या रकान्यात दोघे जे बोलले ते, उजव्या रकान्यात त्या वेळी आपल्या मनात काय चाललं होतं ते. शब्दशः म्हणजे अक्षरशः शब्दशः. अडखळणं, खोकला, खुर्ची सरकवणं सगळं लिहायचं, आणि गप्प बसलात तर किती सेकंद, तेही.

या मॅडम चौतिशीच्या, गाळणीबाईंपेक्षा अठरा वर्षांनी लहान. हळू बोलायच्या आणि थर्मासातलं गरम पाणी घोट घोट पीत समोरच्याचा कागद वाचायच्या. सत्राच्या मध्यावर त्यांनी गाळणीबाईंना बसवून सांगितलं की तुम्ही माणसाला बोलू देत नाही, हेतू चांगला असतो म्हणून ते जास्तच धोक्याचं. सत्र संपेपर्यंत फरक दिसला नाही तर दुसरं वर्ष पूर्ण पुन्हा करावं लागेल. गाळणीबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आतेभावापासून शेजारच्या आजींपर्यंत सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं की उन्हाळ्यात मी समुपदेशक होणार. बावन्नाव्या वर्षी नापास होऊन नव्या पोरांच्या बाकावर पुन्हा जाऊन बसायचं? तसं झालं तर शिक्षण सोडायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. घरी यातलं अवाक्षर काढलं नाही.

तेव्हा त्यांच्याकडे एक बाइंडर येत होता. अठ्ठावन्न वर्षांचा, एका छापखान्यात पुस्तकबांधणी करणारा, बोटांच्या पेरांना सरस लागून लागून कातडी कडक झालेली. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. तक्रार एकच, झोप येत नाही. माणूस इतका सभ्य की काहीही सांगा, "हो, हो, बरोबर आहे" म्हणायचा. गाळणीबाईंना असा माणूस मिळणं म्हणजे आधीच हौस, त्यात कुणीतरी वाट मोकळी करून दिलेली. दुसऱ्या भेटीत तो म्हणाला होता की घरी एक मांजर आहे, पहाटे पाच वाजता छातीवर येऊन बसतं, त्याच्यासाठी उठावं लागतं, नाहीतर उठलो नसतो. त्यांनी हसून विषय पुन्हा झोपेवर आणला.

चौथ्या भेटीची नोंद द्यायची होती. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर कानात इयरफोन घालून त्या टाइप करायला बसल्या. आपला स्वतःचा आवाज त्यांना अनोळखी वाटला. किती बोलतेय ही बाई! झोपायच्या आधी मोबाइल नको, दुपारी डुलकी नको, कोमट दूध घ्या, वहीत वेळा लिहा. तो बिचारा मध्ये कुठेतरी दोन शब्द बोलायचा आणि ती पुन्हा सुरू. ऐकून त्यांना शरम वाटली, खरीखुरी शरम.

आधी त्यांनी फक्त आपले 'अं' आणि 'म्हणजे' काढले. मग दोनदा सांगितलेला सल्ला एकदाच ठेवला. मग तोही काढला आणि त्या जागी लिहिलं, 'याबद्दल तुम्हाला काय वाटतं?' जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. सव्वीस वर्षं ज्या हातांनी, माणसं काय बोलली त्याऐवजी काय बोलायला हवी होती ते लिहिलं, ते हात आता तेच करत होते, फक्त या खेपेला शहाणं करायचं होतं ते स्वतःला. आपण खोटं लिहितोय असं त्यांना वाटलंच नाही. त्यांना वाटलं, आपण हे नीट करतोय. एका ठिकाणी त्यांनी कंसात 'शांतता, अठरा सेकंद' असंही लिहिलं. मोबाइलच्या सल्ल्यानंतर बाइंडर म्हणाला होता, "मांजर परवा बहिणीकडे पोचवलं." पण मोबाइलचा सल्ला तर आता नोंदीत राहिला नव्हता. त्यामुळे हे वाक्य अधांतरी लोंबायला लागलं. त्याचा कशाशी संबंधही नव्हता. त्यांनी ते काढलं आणि पुढे गेल्या.

बुधवारी अकरा वाजता मॅडमनी ती नोंद वाचली. वाचता वाचता त्यांचा चेहरा खुलला. म्हणाल्या, ताई, ही तुमची आतापर्यंतची सगळ्यात चांगली भेट आहे. अठरा सेकंद तुम्ही थांबलात! गाळणीबाईंनी मान खाली घातली, ती विनयाची समजून मॅडम आणखी खूश झाल्या. मग सहज, अगदी कौतुकानेच, त्या उठल्या आणि कपाटाचं कुलूप उघडून त्यांनी नोंदीसोबत जमा केलेलं रेकॉर्डिंग काढलं. ती शांतता त्यांना ऐकायची होती. कधी कधी कागदापेक्षा ऐकून जास्त कळतं, असं म्हणाल्या.

शांतता नव्हतीच. खोलीत गाळणीबाईंचा आवाज घुमत होता. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा म्हणजे ठेवायचाच. मॅडमनी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा यंत्राकडे. गाळणीबाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आता संपलं, वर्ष गेलं, नाक कापलं गेलं, हेच त्यांच्या डोक्यात होतं. तेवढ्यात बाइंडरचा आवाज आला. मांजर परवा बहिणीकडे पोचवलं. आणि लगेच त्यांचा स्वतःचा आवाज, हं, आणि दुपारची झोप किती होते तुमची?

मॅडमनी यंत्र थांबवलं. मागे नेलं, पुन्हा ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता, आणि त्यामुळेच गाळणीबाई घाबरल्या.

"या मांजराबद्दल आधी काही बोलले होते ते?"

गाळणीबाईंनी सांगितलं. पहाटे पाच, छातीवर बसणं, त्याच्यासाठी उठणं. सांगता सांगता शेवटचे शब्द त्यांच्याच कानांवर पडले. नाहीतर उठलो नसतो. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते त्यांना त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. नोंद, वर्ष, आतेभाऊ, शेजारच्या आजी, सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. भेट शुक्रवारची होती. आज बुधवार. मधले पाच दिवस तो माणूस मांजराशिवाय त्या घरात होता.

"ताई, आत्ता फोन लावा," मॅडम म्हणाल्या. "बाकीचं नंतर."

पहिल्यांदा फोन वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्यांदाही. त्या पुन्हा आकडे दाबत होत्या तेव्हा मॅडम दुसऱ्या फोनवरून छापखान्यात चौकशी करत होत्या आणि तिकडून कळलं की तो सोमवारपासून आलेलाच नाही. तिसऱ्यांदा त्याने उचलला. गाळणीबाईंना एकदम हायसं वाटलं. मग त्या एवढंच म्हणाल्या की मला तुमच्याशी आजच बोलायचंय, तुम्ही येता का, की आम्ही तुमच्याकडे येऊ? तो सवयीने "हो, हो" म्हणाला. तेवढ्यावर विश्वास ठेवायला मॅडम तयार नव्हत्या. त्यांनी खुणेने सांगितलं, फोन ठेवू नका. तो कपडे करून, कुलूप लावून, बसमध्ये बसून केंद्राच्या पायऱ्या चढेपर्यंत गाळणीबाई फोनवर होत्या. तासभर. त्या तासात त्यांनी त्याला एकही गोष्ट शिकवली नाही.

तो खुर्चीत बसला. दाढी वाढलेली, शर्ट मात्र इस्त्रीचा. त्याला विचारून मॅडम कोपऱ्यात बसल्या. मरणाचा विचार येतो का हे सरळ विचारावं, विचारल्याने माणसाच्या डोक्यात नवं काही भरत नाही, हे गाळणीबाईंनी पहिल्या वर्षी परीक्षेत लिहिलं होतं. आठ मार्कांचं उत्तर होतं ते, आणि आठपैकी साडेसात मिळाले होते. आता तेच तोंडाने विचारायचं होतं.

"मांजर बहिणीकडे का दिलंत?" त्यांनी विचारलं.

"त्याची सोय लागायला हवी ना."

"तुमच्या मनात जिवाचं काही बरंवाईट करून घ्यायचं आहे का?"

खाली कोठारात कुणीतरी कागदांचे गठ्ठे सरकवत होतं, तो आवाज वर ऐकू येत होता. गाळणीबाईंच्या तोंडाशी दहा वाक्यं आली. असं बोलू नका, बहिणीचा विचार करा, अजून वय काय तुमचं. एकेक त्यांनी आवंढ्यासारखं गिळलं. घड्याळाकडे बघायचं सुचलं नाही.

"आहे," बाइंडर म्हणाला. "दिवस ठरवला नव्हता अजून. तेवढंच राहिलं होतं."

आणि मग तो रडला. एवढा मोठा माणूस, कडक बोटांनी चेहरा झाकून. गाळणीबाईंचेही डोळे भरले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. पुढचं सगळं मॅडमनी आणि त्यांनी मिळून केलं. त्याच्या परवानगीने बहिणीला फोन गेला, ती तासाभरात धापा टाकत आली. त्याच संध्याकाळी मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं, औषधं सुरू झाली, आणि तो बहिणीच्या घरी राहायला गेला.

शुक्रवारी मॅडमनी बोलावलं. गाळणीबाई जाताना मनातून जरा निर्धास्त होत्या, खोटं कशाला सांगा. माणूस वाचला होता. शेवट गोड तर सगळं गोड, असा त्यांचा हिशेब. मॅडमनी थर्मास बाजूला ठेवला.

"परवा तुम्ही जे केलंत ते फार चांगलं केलंत, ताई. आणि नोंद खोटी होती. दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं पुसलं जात नाही."

दुसरं वर्ष पुन्हा. मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. त्यावर दोन चौकोन होते, वर्ष पुन्हा करणार किंवा अभ्यासक्रम सोडणार. खाली सहीची जागा. दोन आठवड्यांची मुदत. दरम्यान त्यांच्या इतर भेटी थांबतील. बाइंडर आला तर मात्र, मधेच माणूस बदलायला नको म्हणून, त्या बसतील, मॅडमसोबत.

त्या घरी गेल्या त्या धुमसतच. काल शेंबूड पुसायला शिकलेल्या पोरीने मला खोटारडी म्हणावं! नवऱ्याने काय झालं विचारलं, तर थोडं पुढे ढकललंय म्हणाल्या. इथेही गाळणी लावलीच. तीन दिवस भांडी जोरात आपटली, लेकीचा फोन दोनदा मध्येच ठेवला. आपण लपवलं नाही, नीट केलं, असं स्वतःला बजावून झालं. पण राग निवळला तसं एक वेगळंच काहीतरी वर आलं आणि ते रागापेक्षा वाईट होतं. आपले सल्ले काढले ते शरमेने. ते एक वेळ समजू शकतं. पण त्याचं वाक्य शरमेने काढलं नव्हतं. ते जुळत नव्हतं म्हणून काढलं होतं. सव्वीस वर्षांत अशी किती वाक्यं आपण जुळत नाहीत म्हणून काढली असतील, आणि टेबलासमोरच्या त्या खुर्चीत बसून कोण काय सांगून गेलं असेल, या विचाराने त्यांना दुपारची झोप लागेना. कागद सॅकमध्ये तसाच पडून होता, दोन्ही चौकोन कोरे.

तेराव्या दिवशी बाइंडर आला. औषधांनी जरा जड झालेला, पण दाढी केलेली. बहीण सोबत होती. ती बसायच्या आधीच गाळणीबाईंचा हात दोन्ही हातांत धरून बोलायला लागली. तिचं म्हणणं, मांजर तर माझ्या घरात होतं, रोज त्याला दूध घालत होते, तरी माझ्या डोक्यात आलं नाही. मी सख्खी बहीण असून! तुमच्या लक्षात आलं म्हणून आज हा समोर दिसतोय.

मॅडम कोपऱ्यात होत्या. गाळणीबाईंना वाटलं असतं तर मान हलवून ते गोड मानून घेता आलं असतं. बाईचं समाधान झालं असतं आणि कुणाचं काही बिघडलं नसतं.

"माझ्या लक्षात आलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "त्यांनी सांगितलं तेव्हा मी दुसरंच काही विचारलं. नंतर लिहितानाही ते वाक्य मी गाळलं. या मॅडमनी ऐकलं."

बहिणीने हात सोडला नाही. बाइंडर मात्र पहिल्यांदाच सरळ त्यांच्याकडे बघत होता. आज तो "हो, हो, बरोबर आहे" म्हणाला नाही.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "मी मुद्दाम सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही झोपेचं विचारलंत. घरी जाताना वाटलं, चला, एका माणसाला सांगून तर झालं. आता कुणाला काही सांगायचं राहिलं नाही."

मला माफ करा, असं गाळणीबाई म्हणाल्या, आणि त्यावर काही जोडायचं त्यांना सुचलं नाही. त्याने मान हलवली. माफ केलं की नुसतं ऐकलं, ते त्यातून कळत नव्हतं, आणि त्यांनी ते विचारलंही नाही. मग तो बराच वेळ बोलला. बायकोच्या शेवटच्या महिन्याबद्दल, छापखाना बंद होणार असल्याच्या बातमीबद्दल, पहाटे पाचला बहिणीच्या घरी जाग येते तेव्हा नेमकं काय वाटतं त्याबद्दल. बरंचसं तुटक होतं, पुढचं मागे आणि मागचं पुढे. वेळ संपली तेव्हा तो उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला.

"इथे येणारी शिकाऊ मंडळी उन्हाळ्यात बदलतात असं खाली ऐकलं," तो म्हणाला. "मग मला हे सगळं पुन्हा नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावं लागेल का?"

मॅडमनी गाळणीबाईंकडे बघितलं.

"नाही," गाळणीबाई म्हणाल्या. "मी पुढचं वर्षभर इथेच आहे."